सचिनमधली कात्री, सुरतेची जरी

गेल्या वर्षी दिवाळीनंतर भाचीकडे सचिनला जाऊन आलो. 'सचिनला जातोय' म्हटल्यावर आमच्या मंडळींनी नेहमीचा विनोद केलाच. कुठला सचिन, तेंडुलकर की आपला पिळगांवकर? पण हे सचिन म्हणजे गाव. मुंबईहून सुरतेला जाताना नवसारी आणि मरोली मागे पडली की हे स्टेशन येतं. पुढे भेस्तान, उधना आणि मग सुरत. मोठ्या गाड्या इथे थांबत नाहीत, त्यामुळे सुरतेला उतरून पुन्हा उलटं यावं लागतं. भाचीचा नवरा तिथल्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवण्याच्या कारखान्यात आहे. चार खोल्यांचं घर, बाहेर तुळस, आत देवघरात मंगेशीचा फोटो. गोंयकार कुठेही गेला तरी एवढं बरोबर नेतोच.

पोहोचलो त्याच दिवशी संध्याकाळी हा लेख सुरू झाला म्हणायला हरकत नाही. भाचीचा मुलगा, वय वर्षे अकरा, जमिनीवर पालथा पडून कात्रीने काहीतरी कापत होता. चहाचा कप हातात घेऊन सहज डोकावलो आणि हातातला कप हिंदकळला. तो पोकेमॉनची पत्ती कापत होता! एक नव्हे, एकसारख्या पाच. शेजारी आणखी ढीग पडलेला.

"अरे, अरे, हे काय करतोस? एवढी जमवलेली पत्ती कापून टाकतोस?"

"आजोबा, कापून टाकत नाही. बनवतोय," तो मान वर न करता म्हणाला.

मी आयुष्यभर कागद जमवणारा माणूस. लहानपणी काड्यापेटीवरची चित्रं, मग पोस्टाची तिकिटं, मग जुनी देवादिकांची छापील चित्रं. जमवणाऱ्याच्या धर्मातली पहिली आज्ञा एकच : कापू नकोस. कोपरा दुमडू नकोस, मागे लिहू नकोस, गोंद लावू नकोस. ही पोकेमॉनची पत्ती १९९६ साली जपानात निघाली आणि त्यातल्या काही दुर्मीळ पत्त्यांना आज लाखो डॉलर मोजतात, एवढं मलाही ठाऊक होतं. या पोराकडची पत्ती तसली नव्हे, हे उघडच होतं. तरी जीव कळवळला.

त्याने मग मला समजावून सांगितलं. एकसारखी पाच पत्ती घ्यायची. पहिलं तसंच ठेवायचं, ती मागची भिंत. दुसऱ्यातलं आकाश कापून काढायचं. तिसऱ्यातून झाडं आणि तो प्राणी ठेवायचा. चौथ्यातून नुसता प्राणी. पाचव्यातून फक्त त्याचं तोंड आणि पुढचा पंजा. हे सगळे थर मध्ये जाड चिकटपट्टीचे तुकडे घालून एकावर एक बसवायचे आणि खोलगट चौकटीत ठेवायचे. सपाट चित्रातला प्राणी पुढे झेपावतो. तयार झालेली एक चौकट त्याने दाखवली. खोटं कशाला बोलू, सुंदर होती.

पण मला त्या चौकटीत पोकेमॉन दिसेना. मला दिसत होती आमच्या डिचोलीच्या घरातल्या वसरीवरची लक्ष्मी. ती कथा मी आजवर कुणाला फारशी सांगितलेली नाही, कारण तीत मी गुन्हेगार आहे. ती सांगतोच, पण आधी सचिनबद्दल थोडं.

*

आम्हा मराठी माणसांचं सुरतेशी नातं १६६४ आणि १६७० या दोन सालांपुरतंच, अशी आपली समजूत. पण सचिनचं नातं निघतं ते थेट जंजिऱ्याशी. शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांना दाद न देणारा तो सिद्द्यांचा जंजिरा. तिथल्या घराण्यात पुढे गादीवरून तंटा झाला. गादीचा वारस सिद्दी अब्दुल करीम याने जंजिऱ्यावरचा हक्क सोडला आणि त्याच्या बदल्यात १७९१ साली पेशव्यांबरोबरच्या कराराने त्याला सुरतेजवळचा हा मुलूख मिळाला. तेच सचिन संस्थान. संस्थान लहानसंच, पण नवाबाला तोफांची सलामी होती, स्वतःचं न्यायालय होतं आणि त्या न्यायालयाचे स्वतःचे कोर्ट-फी स्टॅम्प होते. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि १९६० पासून ते गुजरातेत आहे. आता इथे कारखाने आहेत आणि विशेष आर्थिक क्षेत्रात हिऱ्यांना पैलू पाडतात. म्हणजे कापण्याचाच धंदा!

ते स्टॅम्प मला हवे होते. दुसऱ्या दिवशी सुरतेत एका जुन्या वस्तूंच्या दुकानात एक पाकीट मिळालं. आत सचिन संस्थानाचे वीसेक स्टॅम्प, सगळे नीट कात्रीने कापलेले, काटकोनात. घरी येऊन टेबलावर मांडले आणि आनंदाऐवजी काहीतरी खटकत राहिलं. हे स्टॅम्प कुठल्या तरी अर्जांवर, दाव्यांवर लावलेले असणार. कुणाची शेताची बांधबंदिस्ती, कुणाचं कर्ज, कुणा विधवेचा वाटा. ते सगळं कागद म्हणून फेकून दिलं आणि तेवढा स्टॅम्प उरला. एकाच्या पाठीवर गुजराती अक्षरात अर्धा शब्द होता. अर्धाच. बाकी अर्धा कात्रीच्या पलीकडे गेला.

आणखी एक गंमत. त्यातल्या काहींना मधोमध भोक होतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : कोर्ट-फीचा स्टॅम्प पुन्हा वापरता येऊ नये म्हणून कोर्टाचा कारकून तो पंचाने भोक पाडून रद्द करतो. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८७० च्या कोर्ट-फी कायद्यात तर लिहूनच ठेवलं होतं की स्टॅम्पवरचं तोंड पंचाने उडवायचं, किंमत मात्र शाबूत ठेवायची. राजाराणीचं तोंड उडवा पण आणे तेवढे राहू द्या! जमवणाऱ्यांना भोक पडलेला स्टॅम्प आवडत नाही. पण विचार केला तर ते भोक म्हणजे स्टॅम्पने आपलं काम केल्याची पावती. कुणीतरी न्याय मागितला होता, त्याची खूण. भोकाने काही गेलं नाही, उलट कळलं. पत गेली ती नंतरच्या, नीटनेटक्या, काटकोनी कात्रीने.

पोराची कात्री आणि ही कात्री शेजारी शेजारी ठेवून मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो.

*

आता लक्ष्मी.

राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला. त्याच्या चित्रांना संस्थानिकांच्या महालांत मागणी होती, पण तैलचित्र परवडणार कुणाला? म्हणून छापील प्रती. पहिलं चित्र निघालं ते शकुंतलेच्या जन्माचं. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच फ्रिट्झ श्लायखर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाकडे त्याची मालकी गेली. आपले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी काम करत होते, हेही प्रसिद्धच आहे. एकेका रंगाला एकेक दगड, अशा कित्येक दगडांवरून तोच कागद पुन्हा पुन्हा छापायचा, वरून व्हार्निश द्यायचं, की ते हुबेहूब तैलचित्रासारखं चकाके. त्याआधी पुण्याच्या चित्रशाळेनेही १८७८ पासून देवादिकांची रंगीत चित्रं घरोघरी पोहोचवली होती. पण रविवर्म्याची लक्ष्मी आणि सरस्वती जितक्या भिंतींवर चढल्या तितकं दुसरं काही चढलं नसेल.

आमच्या गोव्यात पोर्तुगीज राज्य असलं तरी गिरगाव काही लांब नव्हतं. घरटी एक माणूस मुंबईला. तो चवथीला बोटीने घरी येताना पेटीत काय काय आणायचा, त्यात एखादं गुंडाळलेलं चित्रही असायचं. आमची लक्ष्मी अशीच आली, आजीच्या भावाने आणली. कमळात उभी, चार हात, बाजूला हत्ती. ती आली तेव्हा लाखो घरांतल्या लक्ष्मीसारखीच होती. पण आजीने तिला तशी ठेवली नाही.

तिने लक्ष्मीला साडी नेसवली.

आमच्या पिढीने अशी चित्रं पाहिली आहेत. हल्लीच्या मुलांसाठी थोडं सविस्तर सांगतो. छापील चित्रातल्या साडीचा आकार पातळ कागदावर उतरवून घ्यायचा. त्या मापाचा रेशमी तुकडा कापायचा, तो चिंचोक्याच्या नाहीतर गव्हाच्या खळीने चित्रावर चिकटवायचा. साडी फुगीर दिसावी म्हणून खाली कापूस किंवा कागदाच्या घड्या. निऱ्या खरोखरच्या निऱ्यांसारख्या घालायच्या. मग काठावर जरी, पदरावर टिकल्या, मुकुटाला सलमा, गळ्यात बारीक मण्यांची माळ. सगळं झाकायचं, पण तोंड, हात आणि पावलं मात्र छापील तशीच उघडी ठेवायची. देवीचं तोंड ते देवीचंच, त्याला आपण हात लावायचा नाही. हा नियम मी पाहिलेल्या अशा प्रत्येक चित्रात पाळलेला आहे, मग ते कोल्हापूरचं असो, पुण्याचं असो की आमच्याकडचं.

हे काम काही ठिकाणी दुकानदार कारागिरांकडून करवून घेत, पण कित्येक घरांत ते बायकांनीच केलं. दुपारची जेवणं झाल्यावर, भांडी घासून झाल्यावर, दोन-तीन तासांचा जो काय वेळ मिळे त्यात. छापखान्याने एका साच्यातून हजारो लक्ष्म्या काढल्या. त्यातली एक आपली करून घ्यायची, तर कात्री लागणारच होती.

आणि जरी? आजी म्हणायची, 'सुरती जर'. मला तेव्हा सुरत म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातलं एक पान वाटे. यावेळी सुरतेत जरीच्या कामाचा एक लहानसा कारखाना पाहिला, तेव्हा आजीचा शब्द समजला. चांदीची तार बारीक छिद्रांतून ओढत ओढत केसाहून बारीक करायची, मग चेपून चपटी केली की तो बादला. बादला रेशमावर किंवा सुतावर गुंडाळला की कसब. त्याच तारेची बारीक स्प्रिंग म्हणजे सलमा. तिच्यापासूनच कांगरी आणि टिक्या. खऱ्या जरीत चांदी आणि वर सोन्याचा मुलामा. हलक्या जरीत तांब्याची तार. आणि आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीची जरी. २०१० साली सुरतेच्या जरीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पैठणीचा पदर असो, देवाचं पीतांबर असो, नाटकातला मुकुट असो, महाराष्ट्र-गोव्यातल्या थाटामाटाचा एक धागा या शहरातून यायचा.

खऱ्या जरीची चांदी काळी पडते, तांब्याची तार हिरवी पडते. आमच्या लक्ष्मीचा काठ काळसर झाला होता, हिरवा नव्हे. म्हणजे आजीने लक्ष्मीला खरी जरी लावली होती. स्वतःच्या साडीला तिने कधी खरी लावली असेल असं वाटत नाही.

लहानपणी आम्ही पोरं खुर्चीवर चढून त्या टिकल्या पाहायचो. आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "तिका हात लावूं नाका!"

*

मी हात लावला तो १९८४ साली. आजी जाऊन दोन वर्षं झाली होती. मी पणजीला नोकरीला लागलो होतो आणि जुन्या छापील चित्रांचं वेड डोक्यात शिरलं होतं. जमवणाऱ्या मंडळींत ऊठबस सुरू झाली. तिथे ऐकलेलं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं होतं : चित्र मूळ अवस्थेत असेल तरच त्याला अर्थ. आमच्या घरात रविवर्म्याची लक्ष्मी आहे म्हटल्यावर लोक सरसावून बसले आणि ती सजवलेली आहे म्हटल्यावर पुन्हा मागे टेकले. "मग ते काढून टाका की," असं एक जण सहज म्हणाला. दोष त्याचा नाही. ऐकणारा मी होतो.

काकीने आढेवेढे न घेता चौकट काढून दिली. मागच्या फळीचे खिळे गंजले होते. काच काढली, तेव्हा कसरीने कडा खाल्लेल्या दिसल्या. मी ओल्या फडक्याने खळ भिजवायला सुरुवात केली. टिकल्या एकेक करून सुटल्या. जरी सुटली. मग रेशमी तुकडा ओला झाला आणि त्याचा लाल रंग उतरून लक्ष्मीच्या हातावर, कमळावर पसरला. घाबरून मी तुकडा ओढला, तर त्याच्याबरोबर कागदाचा पापुद्राही निघाला.

जिथे कागद टिकला तिथे साडीचा मूळ छापील रंग दिसला. पन्नासेक वर्षं अंधारात राहिलेला, अगदी ताजा. आणि भोवतालचं सगळं चित्र पिवळं पडलेलं. म्हणजे 'मूळ अवस्था' नावाचं काही तिथे नव्हतंच. होता तो आजीच्या साडीच्या आकाराचा एक उजळ डाग. तो आता कायमचा.

पण खरं दुःख वेगळंच आहे. निऱ्यांच्या खाली फुगवट्यासाठी कागदाच्या घड्या घातल्या होत्या. त्या भिजून लगदा झाल्या होत्या. उलगडून पाहिल्या तर त्यावर बायकी वळणाचं बाळबोध अक्षर. जांभळी शाई, पाण्यात विरघळत चाललेली. हिशेबाचा कागद होता की कुणाला लिहिलेलं पत्र होतं, कळायला मार्ग नव्हता. मी खिडकीपाशी नेईपर्यंत अक्षरांची रांगोळी झाली. वाचता आले ते दोनच शब्द : 'टिकल्या' आणि 'राहिल्या'.

आजीला लिहिता येत होतं हे मला त्या दिवशी कळलं. ती सही करायची, पोथीतल्या ओव्या वाचायची, पण तिने लिहिलेलं काही आम्ही कधी पाहिलं नव्हतं. की ते अक्षर आजीचं नव्हतंच, तिच्या सासूचं किंवा नणंदेचं होतं? मग साडी नेसवणारी तरी आजीच कशावरून? आम्ही सगळे 'आजीची लक्ष्मी' म्हणत आलो, पण चौकटीच्या मागे नाव नव्हतं. जो कागद बोलला असता तो मी स्वतःच्या हाताने धुऊन टाकला.

*

यानंतर मी जरा शहाणा झालो आणि जगात लोकांनी कागदावर कात्री कशी कशी चालवली आहे ते वाचत गेलो.

आपल्याकडच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात संतांची छोटी चित्रं असतात, पत्त्याएवढी. कोमुन्यांवाला देतात, मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी देतात, मुलं ती जमवतात आणि एकमेकांना देतातही. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकात मठांतल्या नन्स अशा चित्रांभोवतीचा कागद बारीक चाकूने कापून त्याची लेस बनवत. फ्रेंच लोक त्या चित्राला 'कॅनिव्हे' म्हणत, तो शब्दच मुळी छोट्या चाकूवरून आलेला. काही चित्रांत संतिणीचे कपडे कापून काढून तिथे खऱ्या रेशमाचे तुकडे लावत. तोंड आणि हात छापील तसेच! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. आजीला त्या नन्सची खबर असायचं कारण नव्हतं आणि नन्सना आजीची. देव आपल्याजवळ यावा असं वाटलं की बाईमाणसाच्या हाताला बहुधा सगळीकडे तेच सुचत असावं.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतलं बेसबॉलवाल्याचं पत्ती-प्रकरण. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची चित्रं वाटली जायची. त्यात होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचं पत्ती अतिशय दुर्मीळ. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध प्रत २००७ साली २८ लाख डॉलरांना विकली गेली, कारण तिच्या कडा शंभर वर्षांनंतरही धारदार होत्या. २०१३ साली ती पूर्वी विकणाऱ्या लिलावदाराने कोर्टात कबूल केलं की त्या कडा त्यानेच कापून सरळ केल्या होत्या! म्हणजे 'अस्पर्श' म्हणून जी पूजली गेली तीच कापलेली निघाली. आजीने लावलेली जरी लांबून दिसत होती, तिने काही लपवलं नव्हतं. इथे कात्री अशी चालली की कात्री चालली हेच कळू नये.

आणि कात्री न लावताही कापता येतं, याचं उदाहरण आपल्या शेजारीच, सावंतवाडीला आहे. तिथली दशावतारी गंजिफा म्हणजे लाखेचा लेप दिलेले गोल पत्ते. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, एकूण १२०. ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात म्हाताऱ्या चिताऱ्याकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले आणि ती जगवली. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. नवे पत्ते कुणी भिंतीवर लावले तर माझी तक्रार नाही, त्यावर कारागिराचं पोट आहे. पण जुना जोड फोडून त्यातला एखादा मत्स्याचा राजा चौकटीत घालून विकलेला पाहिला की वाईट वाटतं. पत्त्याला ओरखडाही नसतो, पण उरलेले एकशे एकोणीस कुठे गेले? त्याच्याशी खेळायचं कुणी? सचिनच्या त्या स्टॅम्पांचं जे झालं तेच याचं.

म्हणून आता मला 'कापू नकोस' ही पहिली आज्ञा पुरत नाही. कापल्यावर त्या वस्तूबद्दल जास्त कळतं की कमी, एवढंच मी विचारतो. कोर्टाच्या कारकुनाच्या भोकाने जास्त कळलं. स्टॅम्प कापून दावा फेकणाऱ्याने कमी केलं. आजीने लक्ष्मीत भर घातली, एक घर, एक दुपार, एका बाईची हौस. आणि मी, एक शिकलेला, जुन्याची कदर करणारा नातू, 'मूळ' शोधायला गेलो आणि त्या चित्रातलं जे एकमेव मूळ होतं तेच पुसून आलो. छापखान्याची लक्ष्मी बाजारात अजून मिळते हो. आजीची कुठून आणू? आता तर अशी सजवलेली चित्रं संग्राहक हौसेने शोधतात, प्रदर्शनांत मांडतात. खाली लिहिलेलं असतं : कारागीर अज्ञात. ते वाचलं की मला ती जांभळी शाई आठवते.

*

सचिनहून निघायच्या आदल्या रात्री पोराची दुसरी चौकट पुरी झाली. त्याने ती माझ्यासाठीच केली होती, हे भाचीने आधी फोडलंच होतं. मी ती हातात घेतली, चष्मा वर-खाली करून थर मोजले, आणि म्हटलं, "छान झालीय. पण एक काम राहिलं."

"काय, आजोबा?"

"मागे नाव घाल. तारीख घाल. गावाचं नाव घाल. किती पत्ती कापलीस तेही लिही."

त्याला ते फारसं पटलं नाही. "पण मागचं कोण बघणार?"

"बघतात," मी म्हटलं. "फार उशिरा बघतात, पण बघतात."

त्याने पेन शोधलं. शाईचं मिळालं, ते मी नको म्हटलं. शिसपेन्सिल आण म्हटलं. शिसाला पाण्याचं भय नाही. मग जिभेचं टोक ओठांबाहेर काढून त्याने वळणदार अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं, खाली 'सचिन, जि. सुरत', तारीख, आणि 'पाच पत्ती'. थोडा विचार करून आणखी एक ओळ लिहिली : 'चिकटपट्टी आईने आणून दिली.'

ते सांगितलं नव्हतं मी.

चौकट आता माझ्या डिचोलीच्या घरात आहे, वसरीवर, त्या जुन्या खिळ्यावर. शेजारी ती लक्ष्मीही पुन्हा लावली आहे. लाल डागासकट, पापुद्रे निघालेल्या निऱ्यांसकट. सुटलेल्या टिकल्या मी तेव्हा एका औषधाच्या बाटलीत भरून ठेवल्या होत्या, त्या अजून आहेत. काळ्या पडल्या आहेत. पुन्हा चिकटवाव्या असं अनेकदा मनात आलं, पण ते काम माझं नव्हे. लक्ष्मीच्या मागे मात्र पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे : ही साडी घरातल्या बाईने नेसवली होती. ती १९८४ साली मी काढली. आणि खाली माझं नाव.